मदत हवी आहे : योसेमिटीचे धबधबे, थंडी आणि कॅमेरा

मंडळी, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जातोय. तिथला हॉर्सटेल धबधबा सूर्यास्ताच्या उन्हात पेटल्यासारखा केशरी दिसतो तो याच दिवसांत, पण त्याला पाणी हवं आणि पश्चिमेचं आकाश मोकळं हवं, म्हणून त्यावर भिस्त नाही. माझा जीव जडलाय तो ७३९ मीटरच्या योसेमिटी फॉल्सवर. वरच्या टप्प्याच्या पायथ्याशी साचणारा बर्फाचा सुळका आणि पाण्याची धार एकाच फोटोत हवी आहे. अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं की धार रेशमासारखी येते, पण मागच्या खेपेला बर्फ राखाडी आला. एक्स्पोजर (फोटोत येणारा प्रकाश) एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वाढवू की दीड? लेन्सवर तुषार गोठतात, त्याला काय करता? आणि बाबांचे गुडघे दुखतात. फार न चालता त्यांनाही धबधबा डोळे भरून पाहता येईल अशी जागा कुठली?