घरातले हजारो फोटो कुठे ठेवता, कसे जपता? अनुभव सांगा

लातूरहून, धाग्याची सुरुवात

आमच्याकडे 2004 पासूनचे डिजिटल फोटो आहेत. आधी छोटा कॅमेरा होता, मग मोबाईल आले, मग भावाचा डीएसएलआर. सगळं मिळून दीड टीबीच्या आसपास गेलंय. 1 जून 2021 ला गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांना मिळून 15 जीबी. तेव्हापासून हा विषय घरोघरी निघतो, पण गाडी 'कोणती डिस्क घेऊ' याच्यापुढे सरकत नाही. मला विचाराल तर दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे, हे जास्त महत्त्वाचं. एकाच कपाटातल्या दोन डिस्क चोर एकदमच नेतो. जाणकार 3-2-1 म्हणतात ते हेच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत उदगीरला बहिणीकडे असते. भाऊबीजेला ती येते तेव्हा जुनी डिस्क आणते आणि नवी घेऊन जाते.

काय वापरता, काय गेलं, काय वाचलं, ते लिहा. तुमच्या माघारी घरात ते कुणाला उघडता येईल, हेही लिहा.

बीडहून, लग्नाच्या ऑर्डरी घेणारा

दोन कार्डं बसणारा कॅमेरा असल्याशिवाय मी पोराला लग्नाला पाठवत नाही. दोन्ही कार्डांवर एकदमच फोटो उतरतो. रात्री दोन डिस्कवर कॉपी करायची, दोन्हींवरचे मधले-अधले फोटो उघडून बघायचे, मगच कार्ड फॉरमॅट. फोल्डरला नाव तारीख, गाव, आडनाव असं. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे कॉम्प्युटर आपोआप ओळीनं लावतो.

आल्बम आणि पेनड्राइव्ह दिला की काम संपलं, असं धंद्यात मानतात. मी मानत नाही. आमच्याकडची कित्येक घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. पेनड्राइव्ह कुठल्या तरी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहून जातो. मग काही वर्षांनी घरातलं म्हातारं माणूस जातं आणि पोरगा दुकानात येतो, "दादा, आबाचा एखादा फोटू सापडतो का बगा." आल्बमात आबा नसतातच, आल्बम नवरा-नवरीचा. पण न छापलेल्या फोटोंत, मांडवाच्या कडेला, फेटा बांधून अक्षता हातात घेऊन उभे असतात. तेवढाच चेहरा कापून मोठा करतो. म्हणून नापसंत फोटोसुद्धा मी पुसत नाही. डिस्कचा खर्च होतो, होऊ द्या.

पैठणहून, जायकवाडीच्या काठावर पक्षी टिपणारे

बीडच्या दादांचं लग्नाला बरोबर, पण पक्ष्यांत उलटं आहे. उडत्या रोहितांवर (फ्लेमिंगोंवर) बटण दाबून धरलं की क्षणात ढीगभर रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या, न दाबलेल्या फाइली पडतात, एकेक 25-30 एमबीची. त्याच संध्याकाळी चाळून चांगल्या तेवढ्या ठेवतो. क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेचं म्हणाल तर अपलोड 10 एमबीपीएस असेल तर 1 टीबी चढायला अखंड नऊ दिवसांवर लागतात, मध्ये लाईट गेली नाही तर. म्हणून निवडक तेवढंच वर, बाकी हार्ड डिस्कवर.

भूम तालुक्यातून, शिक्षिका

2025 च्या सप्टेंबरात आमच्या घरात पाणी शिरलं. खालच्या कप्प्यातले आल्बम आणि हार्ड डिस्क दोन्ही चिखलात. चालते का बघू म्हणून डिस्क लावू नका, ओली डिस्क फिरली की आतल्या तबकड्यांवर चरे पडतात. उन्हात किंवा तांदळातही ठेवू नका. तशीच डेटा काढणाऱ्या माणसाकडे द्या. आमच्या डिस्कमधले बरेच फोटो निघाले, पण पैसे भरपूर गेले. छापील फोटो मात्र आम्ही स्वतः वाचवले. चिकटलेले ओढून न काढता स्वच्छ पाण्यात ठेवले, हळूहळू सुटू दिले आणि चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत पसरले. सासूबाईंनी रात्रभर त्यांच्यावर पंखा धरला होता. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा फोटो आधी, भांडीकुंडी नंतर. शाळेचे कार्यक्रम मोबाईलवरून आपोआप खात्यात चढलेले होते, ते सगळे शाबूत आहेत.

नांदेडहून, कॉम्प्युटर दुरुस्ती

थोडक्यात. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना '2 टीबी' पेनड्राइव्ह मिळतो तो खोटा. कॉपी झाल्याचं दाखवतो, फाइल उघडत नाही. नवा पेनड्राइव्ह आधी पूर्ण भरून, परत वाचून तपासा. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, कपाटात टाकून वर्षानुवर्षं विसरू नका. वीज न मिळता उष्णतेत पडून राहिली की तिच्यातला डेटा जाऊ शकतो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. तिसरं, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. मोबाईलमधून पुसलं की खात्यातूनही जातं. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो 60 दिवस राहतो, पुढं नाही.

औसा तालुक्यातून

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आमचं दगड-मातीचं घर बसलं. आतला एकही फोटो निघाला नाही. आजोबांचा चेहरा मला परत मिळाला तो सोलापूरच्या आत्याकडून. तिच्या लग्नाचा एक फोटो तिनं सासरी नेला होता. लातूरकर म्हणतात ती दुसऱ्या घरातली प्रत आमच्या बाबतीत अशी नकळत तयार झाली होती. गेल्या काही वर्षांत मी पाहुण्यांकडे जाऊन असे फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करतोय, मागची बाजूसुद्धा, कारण नावं तिथंच लिहिलेली असतात. ज्यावर नाव नाही त्यासाठी आत्याला बसवून विचारतो. ती आता थकली आहे. ज्यांच्या घरी अशी माणसं आहेत त्यांनी डिस्क नंतर घ्या, आधी नावं विचारून घ्या.

हिंगोलीहून

वडील गेल्यावर्षी वारले. फोटो त्यांच्या गूगल खात्यात आहेत, मोबाईल चालू आहे. काय करू?

लातूरहून

ताई, मोबाईल रीसेट करू नका आणि सिम बंद पडू देऊ नका, ओटीपी त्यावरच येईल. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल मिटवू शकतं, तेव्हा वेळ घालवू नका. गूगल टेकआउटमधून, म्हणजे खात्यातला डेटा उतरवून देणाऱ्या गूगलच्याच सोयीतून, सगळे फोटो एकदम उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवत बसू नका, त्यात फोटो लहान होतो आणि काढल्याची तारीख निघून जाते. उतरवलेल्या झिपमध्ये प्रत्येक फोटोजवळ छोटी जेसन फाइल दिसेल, ती ठेवा. तारीख आणि ठिकाण तिच्यात असतं. कुठे अडलं तर इथेच विचारा, नांदेडचे दादा आहेतच.