नफा १,२०,००० आणि रोकड उणे? घसारा वजा करायचा की मिळवायचा?

प्रश्न:
सरावाच्या गणितात १०,००० नग प्रत्येकी १०० ला, सगळे उधारीवर विकलेत. विकलेल्या मालाचा खर्च ६,००,०००, स्थिर खर्च २,८०,००० (त्यात घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी धरलेला खर्च, ६०,०००), निव्वळ नफा १,२०,०००. वर्षभरात ऋणको (ग्राहकांकडून येणं) ७०,००० वरून २,५०,००० झाले, साठा ५०,००० वरून १,२०,०००, आणि धनको (पुरवठादारांचं देणं) ७०,००० वरून १,१०,०००. व्यवसायातून आलेली रोकड मी काढली तर उणे १,५०,००० येते. पुस्तकात उत्तर उणे ३०,००० आहे. शिवाय शेवटी विचारलंय की किंमत १० टक्के उतरवावी का? त्याला हात कुठून घालायचा?

उत्तर १:
फरक बरोबर १,२०,००० चा आहे, म्हणजे घसाऱ्याच्या दुप्पट. तुम्ही तो वजा केलाय. घसाऱ्याची नोंद डोळ्यांसमोर आणा: घसारा खाते नावे, यंत्र खाते जमा. रोकड किंवा बँक खातं त्यात कुठेच नाही. नफा काढताना तो आधीच वजा झालाय, म्हणून इथे परत मिळवायचा.

१,२०,००० + ६०,००० − १,८०,००० − ७०,००० + ४०,००० = −३०,०००

ऋणको किंवा साठा वाढला की पैसा अडकतो, म्हणून वजा. धनको वाढले की तेवढं देणं पुढे ढकललं जातं, म्हणून अधिक. कर्जाच्या मुद्दलाची परतफेड मात्र इथे घ्यायची नाही, ती वित्तीय (कर्ज-भांडवलाच्या) व्यवहारांत जाते. तिथे बरेच जण चुकतात.

उत्तर २:
आकडा जुळला म्हणून थांबू नका, तो उणे का आला हे पाहा. वसुलीचे दिवस म्हणजे ऋणको भागिले उधार विक्री गुणिले ३६५. वर्षअखेर ते ९१ भरतात. साठा (भागिले विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले ३६५) ७३ दिवस पडून राहतो. खरेदी ६,७०,००० (विकलेल्या मालाचा खर्च अधिक साठ्यातली वाढ), म्हणून धनकोंचे दिवस ६०. ९१ + ७३ − ६० = १०४ दिवस पैसा अडकलेला! धनकोंसाठी खरेदीचा आकडा घ्या, विक्रीचा घेतलात तर दिवस ४० येतील आणि निष्कर्ष चुकेल.

प्रश्नकर्ता:
घसाऱ्याचं आता नीट कळलं. किंमत उतरवण्याचं काय?

उत्तर ३:
आधी दर नगामागचं योगदान काढा. किंमत १०० वजा बदलता खर्च ६० (६,००,००० भागिले १०,००० नग) म्हणजे ४०. स्थिर खर्च २,८०,००० भागिले ४०, म्हणजे ७,००० नगांवर ना नफा ना तोटा.

किंमत ९० केली की योगदान ३० वर येतं. किंमत उतरली १० टक्के, योगदान मात्र २५ टक्के. ना-नफा-ना-तोटा बिंदू ९,३३४ नगांवर सरकतो. आजचाच नफा टिकवायला ४,००,००० (स्थिर खर्च अधिक नफा) भागिले ३०, म्हणजे १३,३३४ नग विकावे लागतील, जवळजवळ ३३ टक्के जास्त. तेवढं उत्पादन आहे त्या यंत्रांवर निघेल का? नाही निघालं तर स्थिर खर्चही वाढेल आणि हे गणित पुन्हा मांडावं लागेल.

प्रतिस्पर्ध्यांनीही लगेच किंमत उतरवली तर ग्राहक हलणार नाहीत आणि सगळ्यांचंच योगदान घटेल. तुमचा नग खर्च त्यांच्यापेक्षा खरोखर कमी असेल, तरच ही लढाई परवडते. इथे तसं काही दिलेलं नाही. उलट वसुली ९१ दिवसांवरच राहिली, तर १३,३३४ नगांच्या सुमारे १२,००,००० च्या विक्रीला ऋणको ३,००,००० होतील, आणखी ५०,००० अडकतील. मी उत्तरात ‘किंमत उतरवू नये, आधी वसुली ६० दिवसांवर आणावी’ असं लिहीन. आजच्या विक्रीवर त्यातून सुमारे ८५,००० मोकळे होतात. हा हिशेबही मांडून दाखवा.