मदत हवी आहे: नाशिकच्या सुला-यॉर्क वायनरींसाठी (वाईनचे कारखाने) थांबणारी गाडी आणि मराठीत सांगणारा गाइड

शनिवारी पुण्याहून चौघं नाशिकला येतोय. हातात दुपारी दोन ते सात एवढाच वेळ, रात्रीच्या परतीच्या बसचं बुकिंग झालंय. गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत, म्हणून तेवढीच दोन धरलीत. दिंडोरी, इगतपुरीकडच्या वायनरी नकोत. सासूबाई सोडून सगळे वाईन चाखणार, त्यामुळे आपली गाडी आणत नाही. सगळे एकविशीच्या पुढचे.

रिक्षावाले सोडायला तयार, थांबायला नाही. एका टूरवाल्याला विचारलं, टेस्टिंगचे (वाईन चाखण्याचे) पैसे टूरच्या पैशांतच का? तर म्हणे, ‘तिथं गेल्यावर बघू.’ सासूबाईंना घोटभरही नको, पण टाकीजवळ उभं राहून द्राक्षाची वाईन कशी होते ते मराठीत ऐकायचंय (गुडघ्यांमुळे जिने जपूनच). थांबणारी गाडी आणि असा गाइड, दोन्ही एकत्र कुणाकडे मिळेल?