मदत हवी आहे: शाळेतल्या मैत्रीवरचं, पण जरा बोचणारं अ‍ॅनिमे सुचवा

मंडळी, 'के-ऑन!' पुन्हा बघतेय. क्योतो अ‍ॅनिमेशनची २००९ची मालिका, दिग्दर्शन नाओको यामादा यांचं. शाळेतला म्युझिक क्लब, आणि सरावापेक्षा चहा-केकच जास्त. मुगी कपात चहा ओततेय, बाकीच्या उगाच गप्पा मारतायत, एवढ्यानेही माझा दिवसभराचा शीण उतरतो. काही घडत नाही म्हणून नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे.

पण एक गोष्ट खटकतेच. तिथे सगळं फार सहज सुटतं. युईला गिटार परवडत नाही, तर दुकान नेमकं मुगीच्या घरच्यांचं निघतं. चौघी पुढे एकाच विद्यापीठात जातात. मागे राहते ती एका वर्षाने लहान असलेली आझुसा. निरोपाच्या दिवशी ती रडते, तेव्हा मालिका पहिल्यांदा खरोखर काळजाला हात घालते.

मला हाच धागा पुढे नेणारं काहीतरी हवंय. यामादांचाच 'लिझ अँड द ब्लू बर्ड' (२०१८) पाहिलाय, अगदी तसंच, पण तो चित्रपट आहे. संथ लय तीच, मैत्रिणींच्या वाटा मात्र वेगळ्या होतात, अशी एखादी मालिका माहीत आहे का? कृपया शेवट सांगू नका.