रनिंग स्टार्ट घ्यावं का? (वॉशिंग्टन राज्य, अकरावी) सल्ला हवा आहे

बॉथेलकर
नमस्कार मंडळी. लेक सध्या दहावीत आहे. पुढच्या वर्षी रनिंग स्टार्ट घ्यायचं म्हणते, म्हणजे नाव शाळेत आणि निम्मे तास कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज). दोघी मैत्रिणी चालल्यात, म्हणून हिलाही जायचंय. नवरा म्हणतो, दोन वर्षांची फी वाचतेय तर विचार कसला करायचा? सासूबाईंना तर यात काही विशेषच वाटत नाही, पुण्यात अकरावी म्हणजे ज्युनियर कॉलेजच की :) मला मात्र धाकधूक आहे. तिच्या डोक्यात प्री-मेड आहे, म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी. एपी (शाळेतच शिकवतात ते कॉलेज पातळीचे विषय) बरं की हे? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी प्लीज लिहा.

पोहे_विथ_शेव
फक्त ट्यूशन फुकट. पुस्तकं, किरकोळ फिया आणि जाणं-येणं आपल्या खिशातून. शाळा आणि कॉलेज मिळून विषयांची मर्यादाही असते, त्यावर गेलात तर जास्तीच्या क्रेडिटचे पैसे भरावे लागतात. दर क्वार्टरला (कॉलेजचं दहा-अकरा आठवड्यांचं सत्र) शाळेच्या कौन्सेलरच्या सहीचा फॉर्म लागतो. तो वेळेत मिळवणं हे स्वतंत्र काम आहे.

शमा_आई
प्री-मेड म्हणालात म्हणून सविस्तर लिहिते.

हे मार्क कायमचे असतात. मुलं नववी-दहावीच्या सवयीने 'बघू, पुढच्या वेळी भरून काढू' म्हणतात. इथे तसं होत नाही. सोळाव्या वर्षी मिळालेला सी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) बसतो. बहुतेक एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांचे अर्ज एएमसीएएस या सामायिक अर्ज-सेवेतून जातात आणि तिथे शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे विषयही दाखवावे लागतात. ते जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. विषय पुन्हा घेतला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. शिवाय काही मेडिकल कॉलेजांना बायो-केमिस्ट्रीसारखे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले जास्त पसंत असतात.

दुसरं, वेग. पाच क्रेडिटचा विषय क्वार्टरभरात, म्हणजे दहा-अकरा आठवड्यांत उरकतो आणि शाळेच्या अख्ख्या वर्षाचं एक क्रेडिट देतो. वर्गात आठवड्याला पाच तास, घरी साधारण दहा. दोन आठवडे आजारी पडलं की मिडटर्म डोक्यावर. नाव काढायची शेवटची तारीख सिलॅबस हातात पडेल त्याच दिवशी कॅलेंडरवर टाका. ती उलटली की डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) लागतो, आणि त्याच्याही पुढे गेलं की सरळ ग्रेडच.

तिसरं आपल्या आयांना फार जड जातं. प्रोफेसरला आपण ईमेल करायचा नाही. १९७४ च्या फेर्पा या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याने कॉलेजातल्या विद्यार्थ्याची माहिती विद्यार्थ्याच्याच हातात, वय सोळा असलं तरी. शाळेकडे आलेले ग्रेड शाळा दाखवू शकते, पण कॉलेजात फोन करून 'माझी मुलगी कशी करतेय' विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. ऑफिस अवर्सना (प्रोफेसर शंकांसाठी भेटतात त्या वेळेला) तिलाच जावं लागेल. मुलगी शाळेत स्वतःहून टीचरला शंका विचारत नसेल, तर आधी ती सवय लागू द्या.

दोन_तिकडे_एक_इकडे
एवढं घाबरवू नका हो! आमच्या मुलाला हे मानवलं. एपीत सगळी भिस्त मे महिन्यातल्या एका परीक्षेवर, इथे क्वार्टरभराच्या कामावर. पूर्णवेळ घेतलं तर बारावीबरोबर असोसिएट डिग्रीही (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) होते. यूडब्ल्यूला (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) अर्ज मात्र फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणूनच करता येतो. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचा कुठला विषय तिथे कशाला धरतात, त्याचा तक्ता त्यांच्या साइटवर आहे. विषय निवडण्याआधी तो उघडा.

पण मुलीच्या मनात राज्याबाहेरची खाजगी विद्यापीठं असतील तर ही बचत गृहीत धरू नका. शाळेच्या डिप्लोमासाठी वापरलेलं क्रेडिट पुन्हा न देणारी बरीच आहेत. सगळे सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, नंतर मागतात.

गोदाकाठ
मधला मार्गही आहे, 'कॉलेज इन द हायस्कूल'. शाळेतल्याच वर्गात शाळेचेच शिक्षक शिकवतात आणि क्रेडिट कॉलेजचं. २०२३ पासून इथल्या सरकारी कॉलेजांकडून असलेल्या वर्गांना विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहीत. ग्रेड इथेही कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर जातो, पण ओळखीचं वातावरण असतं.

आणि कुणाच्या मुलांना शाळेत आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला वैयक्तिक आराखडा) असेल तर लक्षात घ्या, तो कॉलेजात लागू होत नाही. परीक्षेला जास्तीचा वेळ हवा असेल तर मुलानेच तिथल्या डिसॅबिलिटी ऑफिसला कागदपत्रं देऊन मागायचा असतो. शाळेने हे आम्हाला आपणहून सांगितलं नाही.

बॉथेलकर
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. एएमसीएएसचं अजिबात माहीत नव्हतं. नवऱ्याला धागा वाचायला दिलाय, सध्या गप्प आहे :) कौन्सेलरची वेळ घेतलीय. पहिल्या क्वार्टरला इंग्लिश १०१ आणि केमिस्ट्री दोन्ही घ्यायचं तिच्या मनात आहे. चालेल का?

शमा_आई
केमिस्ट्री शाळेतच राहू दे, एपी असेल तर एपी. इंग्लिश १०१ एकटं घ्या. त्यासाठी प्लेसमेंट (त्या पातळीची तयारी असल्याचा पुरावा) लागेल, कुठल्या मार्कांवर देतात ते कॉलेजला आत्ताच विचारा. आणि सकाळी आठचा वर्ग घेऊ नका, बसने जाणार असेल तर मुळीच नाही.