होमस्टेची वेबसाइट ठेवू का बंद करू? आता सगळे एआयलाच विचारतायत

केळशीचा_काका
नमस्कार मंडळी. केळशीजवळ आमचा छोटासा होमस्टे आहे, घरगुती जेवण, बाकी झगमगाट काही नाही. वेबसाइट भाच्याने करून दिलेली, दरवर्षी डोमेनचे (साइटच्या पत्त्याचे) पैसे भरतो. आधी लोक सर्च करायचे, साइट बघायचे मग फोन करायचे की काका रूम आहे का. आता फोन येतो तो थेट "एआयने सांगितलं तुमच्याकडे कासवं बघायला मिळतात, जूनमध्ये येतोय". अहो जूनमध्ये कुठली कासवं, पिल्लं समुद्रात सोडतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, जूनमध्ये इथे पाऊस आणि खवळलेला समुद्र. साइटवर हे लिहिलंय पण साइट उघडतंय कोण?
दुसरं म्हणजे हा मोबाइल. घरात सोलर हीटरचा विषय निघाला की संध्याकाळी त्याची जाहिरात हजर. पुढे एआय फोनमध्येच बसणार म्हणतात, मग आपलं काही खाजगी राहणार की नाही? आणि साइटवर पैसे घालायचे का बंद?

गुहागर_डायरी
काका बंद करू नका. गुगलने उत्तर वरच लिहून द्यायला (एआय ओव्हरव्ह्यू म्हणतात त्याला) भारतात ऑगस्ट २०२४ पासून सुरुवात केली, त्यामुळे लोक खाली लिंकवर जात नाहीत हे खरं आहे. पण ते उत्तर हवेतून येत नाही ना, कुणाची तरी साइट, कुणाचा तरी रिव्ह्यू, कुठला तरी जुना ब्लॉग यातूनच उचललेलं असतं. तुमचं पान गेलं की तुमच्याबद्दल बोलायला फक्त बुकिंगवाले आणि एकदा येऊन गेलेला नाराज पाहुणा उरतो. उलट साइटवर साध्या वाक्यात लिहा, कासवं कधी, बस अंगणापर्यंत येते का, हरिहरेश्वरकडून येणाऱ्याने बागमांडला-वेसवी फेरीबोट धरली तर गाडी चढते का. "निसर्गाच्या कुशीत" वगैरे कमी करा, त्यातून माणसाला पण काही कळत नाही आणि मशीनला पण नाही. मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे ते नीट भरा, फक्त त्याच्याच भरवशावर राहू नका. त्या प्रोफाइलवर फुकटात वेबसाइट बनवून मिळायची, ती सोय गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, ज्यांची दुसरी साइट नव्हती त्यांचं पान गेलं. स्वतःचं डोमेन असलेलं बरं ते यासाठीच.

देवबागचो_झील
ह्या सगळा ठीक आसा, पण आमच्या हय पाऊस लागलो की रेंजच जाता, मगे तुमचो एआय खय विचारतलास? माझो नंबर रस्त्यावरच्या बोर्डार मोठो लिवन ठेवलंय, तेवढा पुरे.

रत्नागिरीकर_कोडर
@देवबागचो_झील त्या बोर्डाचा फोटो एव्हाना कोणीतरी मॅपवर टाकलेला असणार, बघा एकदा 😄
काका, सोलरचं म्हणाल तर त्यासाठी माइक चोरून ऐकायची गरजच पडत नाही. तुम्ही नाही तर घरातल्या कोणीतरी त्याच वायफायवर शोधलेलं असतं, एखादा व्हिडिओ बघितलेला असतो, तेवढ्यावर अंदाज बांधतात आणि तो बरोबर निघाला की आपल्याला वाटतं ऐकतायत. लोकेशन हा मोठा मासा. अँड्रॉइड १२ पासून ॲपला नेमकं ठिकाण न देता अंदाजे ठिकाण देता येतं, हवामानाच्या ॲपला तुमचं अंगण कळायची काय गरज, केळशी कळली की बास.
फोनमधल्या एआयचं मला वेगळंच वाटतं. महागड्या फोनमध्ये एआयचं छोटं मॉडेल फोनवरच चालतं, काही कामं बाहेर न जाता तिथेच होतात. दहा-बारा हजाराच्या फोनला ते झेपत नाही, प्रश्न कंपनीच्या सर्व्हरवर जातो. म्हणजे पुढे प्रायव्हसी पण खिसा बघूनच मिळणार आणि हे मला अजिबात पटत नाही. आणि सर्चमध्ये आपण दोन शब्द टाकायचो, एआयशी मात्र लोक घरच्यासारखं बोलतात, आईची शुगर, कर्जाचा हप्ता, सगळं. एवढा माल आयता मिळाल्यावर जाहिरातवाले गप्प बसतील असं वाटतं का तुम्हाला?

कोर्टाची_पायरी
सगळे कंपन्यांबद्दल बोलतायत म्हणून विचारतो, काका, पाहुण्यांची आधार कार्डं तुम्ही कशी घेता?

केळशीचा_काका
व्हॉट्सॲपवर मागवतो, सगळेच तसं करतात इथे.

कोर्टाची_पायरी
तेच म्हणतो. ते फोटो गॅलरीत उतरतात, गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर क्लाउडवर जातात, आणि तो फोन संध्याकाळी नातवाच्या हातात. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी. चार खोल्यांच्या घराला कोणी २५० कोटी लावणार नाही, घाबरू नका, पण कायद्याच्या दृष्टीने पाहुण्याच्या माहितीला जबाबदार तुम्हीच. गंमत म्हणजे हा कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे, वहीत हाताने लिहिलेली नोंद त्यात येत नाही, त्याच पानाचा मोबाइलने फोटो काढलात की आली.
तेव्हा पोलिसांना दाखवायचं रजिस्टर वहीतच ठेवा, ओळखपत्र समोर बघा आणि परत द्या. आधीच पाठवायचं म्हणाले तर मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. जुने फोटो चॅटमधून, गॅलरीतून आणि बॅकअपमधून, तिन्हीकडून काढा.

केळशीचा_काका
बरं झालं सांगितलंत, आज रात्री बसतो भाच्याला घेऊन. पण हे मास्क्ड पाहुण्याने काढायचं कुठून, मला विचारतील ना.

कोर्टाची_पायरी
आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ई-आधार डाउनलोड करताना मास्क्डचा पर्याय येतो, तो टिक करायचा. ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो, म्हणून घरूनच काढून ठेवायला सांगा, घाट उतरताना रेंज जाते आणि मग तो ओटीपी केळशीत पोचल्यावर येतो.