मदत हवी आहे : आई अल्कलाइन डाएटवर, सोड्याचं पाणी पिते

मंडळी, आम्ही खानापूरचे. आईला बीपी आहे, वय ६४. दोन महिन्यांपासून ती अल्कलाइन डाएटचे व्हिडिओ बघून, 'आम्लधर्मी' खाण्यानं रक्त आम्ल होतं म्हणत भात, मसूर, दही सगळं बंद करून बसलीय. ज्वारीची भाकरीसुद्धा! वर रोज सकाळी चमचाभर खायचा सोडा पाण्यातून. वजन उतरलंय, चालताना दम लागतो.

मी सांगितलं, रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो सांभाळतात. खाण्यानं बदलतो तो लघवीचा. चमचाभर सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं, बीपीवाल्याला ते फार झालं. पण ती म्हणते, "डॉक्टर आधी अंडं नको म्हणायचे, आता चालतं म्हणतात. मग कुणाचं ऐकू?" याचं उत्तर मला नीट देता आलं नाही, आणि तिचा प्रश्न चुकीचाही वाटत नाही.

भाज्या वाढवल्यात ते चांगलंच, त्याला माझी ना नाही. सोडा तेवढा सुटायला हवा.

बेळगावात मराठीतून शांतपणे समजावणारे आहारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) लगेच तपासून घेऊ ना? घरात कुणाला असं पटवलं असेल तर कसं, तेही सांगा.